हरणीचे साधू आणि मागचं दार

त्या वर्षी माझी श्रद्धा फार पातळ झाली होती, हे आधीच सांगितलेलं बरं. मी ठाण्याच्या आमच्या ख्रिस्ती देवळाच्या शाळेत मास्तर होतो. रोज सकाळी मिस्सेच्या उपासनेला उभा राहत असे, लादीनची प्रार्थना म्हणताना माझाच आवाज सर्वांत पुढे असे, पण आत काहीच हलत नसे. लोक म्हणत, मास्तरांनी दुःख कसं पचवलं बघा. मी काही पचवलं नव्हतं. माझी बायको आंजेला बाळंतपणानंतर सातव्या दिवशी तापाने गेली आणि मागे मूल राहिलं. तिला मातीत ठेवून घरी आलो, तेव्हा ते मूल रडत होतं. त्याच्याकडे बघून माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : ती राहून हे का गेलं नाही? हे मी कोणाजवळ बोललो नाही. कबुलीच्या वेळी पाद्रीबाबांपुढे गुडघे टेकले, बाकीची सगळी पापं सांगितली, आणि हे एक ओठांत ठेवून उठलो.

आमच्या देवळात उजव्या हाताच्या कोनाड्यात एक लाकडी मूर्ती आहे. तपकिरी झगा, कमरेला दोरी, आणि गुडघ्याशी टेकलेली एक हरणी. शेकडो वर्षांपूर्वी दूर फिरंग्यांच्या मुलखात होऊन गेलेले हे एक संन्यासी संत. त्यांचं लॅटिन नाव आमच्या जिभेला कधी वळलंच नाही. गावात सगळे त्यांना हरणीचे साधू म्हणतात. अंगावर दूध कमी असलेल्या बायका त्यांच्यापुढे मेणबत्ती लावतात. रानात राहणाऱ्या त्या साधूंना एक हरणी आपलं दूध देत असे, एवढंच आम्हांला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. त्याच्या पुढचं किंवा मागचं मलाही माहीत नव्हतं.

त्या पावसाळ्यात पाद्रीबाबांनी मनावर घेतलं की साधूंच्या सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेत त्यांचं चरित्र मराठीत वाचलं जावं. त्यांच्याजवळ एक जुनी पोर्तुगेज पोथी होती. मला ती भाषा येत नव्हती. म्हणून शाळा सुटली की मी त्यांच्या खोलीत जाऊन बसत असे. ते एकेक वाक्य वाचून अर्थ सांगत आणि मी तो आमच्या लोकांना कळेल अशा मराठीत उतरवून घेत असे. पाद्रीबाबा मूळचे गोव्याचे, वयाने सत्तरीकडे झुकलेले. आंजेला गेल्यावर मी म्हणालो की हे काम दुसऱ्या कोणाला द्या. ते म्हणाले, "दुसऱ्याला लिहिता येत नाही, मास्तर. तुम्हीच या." बहुधा मी घरात एकटा बसू नये, असं त्यांना वाटत असावं.

मुलाचं नाव आम्ही मातेस ठेवलं होतं. पहिले काही दिवस शेजारच्या बाईने आपल्या लेकराबरोबर त्यालाही पाजलं. मग तिलाच ताप आला आणि तिचं दूध आटलं. दुसऱ्या दोघी-तिघींना विचारलं, पण त्या वर्षी घरोघरी ताप होता. ज्या पोराची आई त्याच तापाने गेली, ते पोर छातीशी धरायला कोणी तयार होईना. मी त्यांना दोष देत नाही. गाईचं दूध पाणी घालून पाजलं, ते उलटलं. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्याने पाजलं, त्याने जुलाब लागले. आंजेलाची मावशी, पावलीन मावशी, घर सांभाळायला येऊन राहिली होती. तिला ऐकू फार कमी येई आणि दुपारी जेवली की ती बसल्या जागी झोपत असे. पण मुलावर तिचा जीव होता. ती तांदळाची पेज गाळून त्याच्या जिभेवर थेंब थेंब ठेवी. तिसऱ्या आठवड्यात मातेसचं रडणं बदललं. मोठ्याने रडणारं मूल एकदा बारीक आवाजात रडायला लागलं की घरात कोणाला काही सांगावं लागत नाही.

अशाच एका दिवशी पोथीतलं ते वाक्य आलं. पाद्रीबाबांनी वाचलं आणि अर्थ सांगितला : साधू एका मोठ्या नदीजवळच्या रानात, काटेरी झुडपांच्या आड एका गुहेत राहत होते. त्यांच्याजवळ खायला काही नव्हतं. तेव्हा देवाने एक हरणी पाठवली. ती रोज ठरल्या वेळी येई आणि आपलं दूध त्यांना देई. मी लेखणी खाली ठेवली. म्हणालो, "बाबा, हे मला लिहवत नाही." त्यांनी स्वतःच मोडक्या अक्षरात ते वाक्य माझ्या कागदावर लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून घरी आलो तेव्हा घर शांत होतं. आमचं घर वस्तीच्या टोकाला आहे. मागे थोडी परसबाग, मग ओढा, आणि ओढ्यापलीकडून येऊरच्या डोंगराची झाडी सुरू होते. त्या दिवशी पाऊस थांबला होता आणि ढग इतके खाली आले होते की डोंगर दिसतच नव्हता. मावशी ओटीवर भिंतीला टेकून झोपली होती. मुलाचा आवाज नव्हता. वाटलं, झालं, संपलं. आत जाऊन पाळण्यात पाहिलं तर मातेस गाढ झोपला होता. पोट वर आलेलं, मुठी उघड्या. आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा एक थेंब होता.

मी मावशीला हलवून उठवलं. तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, काय पाजलंस? ती म्हणाली, सकाळच्या पेजेनंतर काही नाही. मी त्या थेंबाला बोट लावून पाहिलं. पेज नव्हती, दूध होतं. घरात त्या दिवशी दूध आलंच नव्हतं. मावशीने वाकून मुलाचं तोंड हुंगलं आणि ती तशीच वाकून राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "आईच्या अंगाचा वास हाय, बाबा."

"कोणाच्या आईच्या?"

"याच्याच. दुसऱ्या कोनाची आय कशाला येईल?"

पुढच्या दिवशीही तेच झालं. मूल पोटभर प्यालेलं, झोपलेलं, आणि घरात कोणी आल्याची खूण नाही. मावशी शपथेवर म्हणाली, मी डोळा मिटला नाही. पण तिचा डोळा कधी मिटतो ते तिला कळत नसे, हे मला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी मी मुलांना लवकर सोडून घरी आलो. मातेस जागा होता. तो रडत नव्हता. मान वळवून तो स्वयंपाकघराच्या दिशेने बघत होता. तिथे मागचं दार अर्धवट उघडं होतं आणि बाहेर धुक्यासारखं पांढुरकं काहीतरी उभं असल्यागत उजेड पडला होता. शेणाने सारवलेल्या जमिनीवर ओल्या पावलाची एकच खूण होती. बायकी, लहान पाऊल. आंजेलाचं पाऊल लहान होतं. त्या खुणेजवळ मी किती वेळ उभा होतो ते आठवत नाही. बघता बघता ती वाळली आणि जमीन पुन्हा सारखी झाली.

शेजारचा पास्कू मिठागरावर कामाला जाई. भला माणूस, पण असल्या गोष्टींत त्याचा फार विश्वास. मावशीने त्याला सगळं सांगितलं होतं. संध्याकाळी तो आला आणि ओटीवर न बसता उभ्यानेच बोलला, "मास्तर, राग नको मानू. पन बालंतपनात गेलेली बाय पोराला सोडून जात नाय. ती येते, पाजते. तीन दिस, पाच दिस. आनि मंग एक दिस पोराला संगती घेऊन जाते. तिचं दूध म्हंजे तिकडचं दूध. माज्या चुलत्याच्या घरी झालंय."

मी शिकलेला माणूस. शाळेत मुलांना सांगत असे की भूत म्हणजे मनाचा खेळ. आणि त्या वेळी मी पास्कूला फक्त एवढंच विचारलं, "मग काय करायचं?"

"दार बंद कर. येऊ देऊ नको."

मी दार बंद केलं. नुसती कडी लावली नाही, तर परसात पडलेल्या दोन फळ्या आडव्या ठोकल्या. मावशीने त्यांवर कोळशाने क्रूस काढला, चौकटीला लिंबू-मिरची बांधली आणि उंबऱ्यावर तीर्थजल शिंपडलं. ज्या बाईसाठी मी तीन आठवडे रात्रंदिवस झुरत होतो, तीच येत असेल असं मानून मी तिच्या तोंडावर दार ठोकलं. मुलासाठी केलं, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. तिच्या मुलाबद्दल मी जे मनात आणलं होतं ते तिला कळलं असेल, आणि म्हणून ती त्याला न्यायला येत असेल, अशी ती भीती होती.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी देऊन मी मुलाला मांडीवर घेऊन आतल्या खोलीत बसलो. बाहेर बारीक पाऊस होता. देवळातली बाराची घंटा होऊन तास-दीड तास झाला असेल. मागच्या बाजूला पाणी तुडवल्याचा आवाज आला आणि थांबला. मग दाराच्या फळ्यांवरून कोणीतरी हात फिरवला. ठोठावलं नाही, ढकललं नाही. आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसा हात वरून खाली, मग एका फळीवरून दुसरीवर गेला. मातेसने त्या दिशेला मान वळवली आणि तोंड उघडलं. त्याच्या ओठांची ती हालचाल मला अजून दिसते. मी त्याला घट्ट धरलं आणि येशूच्या आईचं, देवमायेचं नाव घेत राहिलो. बाहेर एक हुंदका ऐकू आला, किंवा तो पागोळ्यांचा आवाज असेल. मग काही नाही. तासाभराने उठून पाहिलं, तर फळ्यांच्या फटीतून एक ओलं पान आत सरकवलेलं होतं. त्यावर चार-पाच थेंब पांढरे होते. बाकीचं जमिनीवर सांडून गेलं होतं.

ते पान मी चुलीत टाकलं. त्या पानावर जे होतं ते माझ्या मुलाचं आयुष्य होतं आणि मी ते जाळलं.

त्यानंतरच्या दिवशी दुपार उलटली तरी कोणी आलं नाही. मातेस आता रडतही नव्हता. टाळू खोल गेली होती, कातडी सुरकुतली होती. पेजेचा थेंब जिभेवरून बाहेर ओघळत होता. मावशीने मरणाऱ्याच्या उशाशी लावायची मेणबत्ती काढून ठेवली. मी मुलाला तिच्याजवळ दिलं आणि पावसात तसाच देवळाकडे गेलो. पाद्रीबाबा खोलीत पोथी उघडून बसले होते. मी त्यांच्यापुढे खाली बसलो आणि सगळं सांगितलं. पाऊल, हात, पान. आणि मग ते जे ओठांत राहिलं होतं तेही बाहेर पडलं. माझ्या मुलाचं मरण मी मनात मागितलं होतं, हेही. सांगून झाल्यावर मला वाटलं ते रागावतील, किंवा भुताखेतांवर विश्वास ठेवला म्हणून समजावतील. त्यांनी पोथी मिटली. मग म्हणाले, "मास्तर, हरणी पहिल्या दिवशी गुहेच्या तोंडाशी आली, तेव्हा साधूंनी तिला विचारलं असेल का, तू कोण, तुला कोणी पाठवलं?"

"ती हरणी होती, बाबा. इथे कोण आहे ते मला ठाऊक नाही."

"त्यांनाही कुठे ठाऊक होतं? त्यांनी झुडपं बाजूला केली, एवढंच पोथीत आहे." आणि त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवून पापक्षमेचे शब्द म्हटले. "घरी जा. जी कोण असेल तिला येऊ द्या."

घरी येऊन मी पास्कूकडून आणलेल्या पकडीने खिळे उपटले. मावशी आडवी आली. "नको रे बाबा, घेऊन जाईल ती." मी म्हणालो, "नेलं तर नेऊ दे, मावशी. आपल्याकडे ठेवून आपण काय करतोय?" ती बाजूला झाली. मी दार सताड उघडलं. बाहेर परसात गवत कमरेएवढं झालं होतं, ओढा गढूळ वाहत होता आणि पलीकडची झाडी धुरकट, मुकी. एक पाखरूही बोलत नव्हतं. मी मोठ्याने काय म्हणालो ते मला नीट आठवतं : "जी कोण असशील ती ये. माझं चुकलं."

मग मुलाला मांडीवर घेऊन, दाराकडे पाठ करून, मी स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसलो. अशा वेळी वळून बघू नये, बघितलं तर ती परत जाते, असं मावशी म्हणाली होती. मावशी कोपऱ्यात माळ घेऊन बसली. मला वाटतं, इतकी खरी प्रार्थना मी आयुष्यात केली नसेल, आणि तिच्यात एकही शब्द नव्हता. किती वेळ गेला कोण जाणे. मागे गवत सळसळलं. उंबऱ्याशी कोणीतरी थांबलं. ओल्या पानांचा, धुराचा आणि दुधाचा असा मिसळलेला वास आला. मी हललो नाही. माझ्या खांद्यावरून दोन हात खाली आले. काळे, हाडकुळे, ओरखड्यांनी भरलेले. त्यांनी मुलाला उचललं. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. आणि मग घोटाचा आवाज आला. एक, थांबून दुसरा, मग भराभर.

मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा वर बघायचं धैर्य झालं नाही. मी बसल्या जागी वळलो आणि आधी पाय पाहिले. लहानपणापासून ऐकलं होतं की भुताचे पाय उलटे असतात. ते पाय सुलटे होते. चिखलाने माखलेले, टाचा फुटलेल्या, एका अंगठ्याला चिंधी बांधलेली. मग मी वर पाहिलं. डोंगरावरून मोळ्या विकायला येणारी एक कातकरी बाई, वीस-बावीस वर्षांची, भिंतीला टेकून बसली होती. मुलाकडे न बघता ती समोर बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मारू नको, मास्तर," ती म्हणाली. "पिऊ दे त्याला. मंग मी जाते."

तिचं नाव सोमी. दहा-बारा दिवसांपूर्वी तिचं मूल गेलं होतं, जन्मून आठवडाही झाला नव्हता. तिच्या पाड्यावर कोणीतरी म्हणालं की हिनेच आपलं पोर खाल्लं. तेव्हापासून तिला कोणी जवळ करत नव्हतं. दूध थांबत नव्हतं. छाती दगडासारखी झाली होती आणि अंगात कणकण होती. मावशीने आपली माळ खाली ठेवली. तिला सगळं ऐकू गेलं नसेल, पण ती उठली आणि सोमीच्या पाठीमागे वळकटी सारून दिली.

मी विचारलं, "तुला कसं कळलं, इथे असं मूल आहे ते? हाक का मारली नाहीस?"

"हाक मारली तर तुम्ही लोक घेतलं असतं मला घरात?" तिने सरळ विचारलं. मग ती म्हणाली, "म्हाताऱ्याने सांगितला."

"कोण म्हातारा?"

"वड्याच्या पल्याड बसलेला. तो तुमच्यातलाच असंल. लांब झगा, मातीच्या रंगाचा. कमरेला दोरी. म्हनला, त्या टोकाच्या घरात पोर भुकेला हाय, मागल्या दाराने जा. मी म्हनली, मारतील. म्हनला, जा."

पाद्रीबाबांचा झगा काळा असे. आमच्या भागात तसा झगा घालणारं कोणीच नव्हतं. सोमी कधी देवळात आली नव्हती. येणं शक्यच नव्हतं, पायरीपर्यंतही तिला कोणी येऊ दिलं नसतं. मी स्वतःला समजावलं की कोणी गोसावी असेल, बैरागी असेल, या वाटेने कान्हेरीच्या लेण्यांकडे जाणारा एखादा फकीर असेल. सोमी पुढे बोलत होती, सहज, जसं पावसाचं बोलावं तसं.

"त्याची मांडी फुटली होती. हितं, गुडघ्याच्या वर. झग्यातून रगत येत होता. मी म्हनली, थांब बाबा, पाला चेचून बांधते, जखम दोन दिसांत भरंल. तर हसला. म्हनला, नको बाय, राहू दे. ती माझीच हाय."

त्या म्हाताऱ्याला ओढ्यापलीकडे पुन्हा कोणी पाहिलं नाही. मी दुसऱ्या सकाळी तिथे गेलो. सोमीने सांगितलेल्या जागेवरच्या दगडावर शेवाळ होतं, आजूबाजूचं गवत उभं होतं, कोणी बसल्याची खूण नव्हती. एवढ्या पावसात खूण राहणारही नाही, हेही खरं.

दोन दिवसांनी मी पुन्हा लिहायला गेलो. पाद्रीबाबांना मी सोमीचं सांगितलं होतं, म्हाताऱ्याचं सांगितलं नव्हतं. का सांगितलं नाही, ते सांगता येत नाही. त्यांनी पुढचं पान उघडलं. राजा शिकारीला आला. त्याची कुत्री त्या हरणीच्या मागे लागली. हरणी गुहेत शिरून साधूंच्या पायांशी लपली. शिकाऱ्याने झुडपात बाण सोडला आणि तो हरणीला न लागता साधूंच्या मांडीत शिरला. झुडपं तोडून राजा आत येतो तर रक्तात बसलेला म्हातारा एका हाताने हरणीला कवटाळून आहे. राजाने क्षमा मागितली, वैद्य पाठवले, सोनं देऊ केलं. पाद्रीबाबा बोटाने ओळ दाखवत हळूहळू अर्थ सांगत होते, "साधू म्हणाले... नको. ही जखम राहू दे. ती माझी आहे. आणि त्यांनी देवाजवळ मागितलं की मी जिवंत असेपर्यंत ती भरू नये."

माझ्या लेखणीतून शाईचा थेंब कागदावर पडला आणि पसरत गेला. पाद्रीबाबांनी विचारलं, "काय झालं?" मग मी त्यांना सांगितलं, सोमीच्या शब्दांत, जसंच्या तसं. त्यांनी चष्मा काढला. ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, "हे पान मी अजून कोणाला वाचून दाखवलेलं नाही." त्या गोष्टीबद्दल ते पुढे माझ्याशी कधी बोलले नाहीत आणि मीही विषय काढला नाही. आमच्या मूर्तीचा झगा घोट्यापर्यंत आहे. मांडीवर जखम असल्याचं तिच्यावरून कोणाला कळणार नाही.

सोमी आमच्याकडे येत राहिली. आधी मागच्या दाराने, मग मावशीच म्हणाली की पुढून ये. वस्तीत कुजबुज झाली, कातकरणीचं दूध, हे काय मास्तर? पास्कू काही दिवस आमच्या ओटीवर चढला नाही. मग मातेसच्या गालांना बाळसं आलं आणि तोच त्याला खांद्यावर घेऊन फिरू लागला. प्रार्थनेच्या नवव्या दिवशी मी देवळात चरित्राचा शेवटचा भाग वाचला. जखमेच्या ओळीपाशी माझा आवाज लागेना, तेव्हा लोकांना वाटलं मास्तरांना आंजेलाची आठवण आली. तेही खोटं नव्हतं. तोवर मी रोज मागत होतो की हे दुःख माझ्यावरून उतरव. त्या दिवसापासून ते मागणं सोडलं. दुःख तसंच राहिलं, पण त्याच्याशी माझं भांडण उरलं नाही. ते राहू दिलं की त्याच्या शेजारी दुसऱ्या कोणाला बसायला जागा होते, एवढं मला सोमीकडे बघून कळलं. माझ्या मुलाला पाजताना ती रोज आपल्या मुलासाठी रडे, आणि पाजणं मात्र एक दिवसही चुकवत नसे.

मातेस भात खायला लागल्यावर ती, तोवर तिला पुन्हा जवळ केलेल्या आपल्या माणसांबरोबर, कोळशाच्या भट्ट्यांच्या कामावर गेली. जाताना सांगून गेली नाही. चौकशी करता करता कळलं की ते लोक आंबिवलीकडे आहेत. मी मुलाला घेऊन आगगाडीने कल्याणला उतरलो आणि तिथून काळू नदीच्या काठाने चालत गेलो. धुराने काळवंडलेल्या झोपड्यांत ती सापडली. कडेवर एक तान्ही मुलगी होती. मातेसने तिला लगेच ओळखलं आणि माझ्या हातातून सुटून तिच्या लुगड्याला मिठी मारली. मी दोन लुगडी आणि तांदूळ नेले होते. ते तिने बाजूला ठेवले. मी म्हणालो, "सोमी, तुला आणखी काही हवं असेल तर सांग."

ती जरा वेळ मुलीला थोपटत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या देवलात मेलेल्यांची नावं घेतात ना? मावशी सांगत होती. माझ्या पोराचा घेशील?"

"घेईन. काय नाव त्याचं?"

"नाव ठेवायच्या आधीच गेला."

आमच्याकडे नोव्हेंबरात मृतांचा दिवस असतो. घरोघरच्या माणसांची नावं चिठ्ठीवर लिहून देतात आणि पाद्रीबाबा ती वेदीपुढे वाचतात. त्या वर्षी मी माझ्या चिठ्ठीवर आंजेलाचं नाव लिहिलं, आणि त्याखाली एक ओळ कोरी सोडली. पाद्रीबाबांना आधी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी आंजेलाचं नाव वाचलं, पुढे पाहिलं, आणि ते थांबले. एका श्वासाइतके. सगळं देऊळ त्या श्वासात गप्प होतं. मग त्यांनी मान लववली आणि पुढची चिठ्ठी घेतली.

ते पाद्रीबाबा आता नाहीत, मावशीही नाही. माझा मुलगा कल्याणला नोकरीला आहे आणि त्याला मुलं झाली आहेत. देवा, तू माझ्याकडे कोणाला पाठवलंस ते मी तुला विचारत नाही. दरवर्षी मी ती ओळ कोरी सोडतो, आणि जो नवा पाद्री येतो, त्याला एवढंच सांगतो की इथे थोडं थांबा.